पार्सलची गाडी, भाजीची गाडी

१२ जानेवारी, सोमवार

शाळेची व्हॅन आज सुटली. मी नाई सोडली, त्यांनी सोडवली. शाळेनं मोठी बस घेतली आणि तिच्यावर संचालकाचा साळा बसवला. लायसन आहे म्हणतात त्याच्याजवळ. गेटच्या खांबाले स्कूटर घासताना मी पाह्यला आहे त्याले.

हेडबाई म्हणे, "मंगलाताई, तुम्ही आमच्या परिवाराचाच भाग आहात." चाबी तिच्या हातात पडल्यावर म्हणे. आधी नाई.

पालकांच्या ग्रुपवर जोडलेले हात. एकानं चुकून वाढदिवसाचा केक टाकला. बाकी कोनी फोन नाई. इतकी वर्षं यांची पोट्टी नेली-आणली, एकाले खरचटू नाई देलं. जाऊ दे.

१४ जाने., संक्रांत

समोरच्या घरी हळदीकुंकू. घरवाली म्हणे, "बरं झालं बाप्पा, आता घरी राहाशीन. बाईले शोभते काय ते स्टेरिंग." सगळ्याजणी गोड गोड हासल्या. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा, त्याचं झाकण बसत नाई. बोलणं आणि डबा एकाच दुकानातले असतीन.

दिलीपले सांगतलं. नवऱ्याचं एकच वाक्य, लग्नापासून तेच. "मले काई म्हणाचं नाई. तुले पटन ते कर." जिनिंगमधे प्रेसवर उभं राहून राहून माणूसही कापसाच्या गाठीसारखा दाबून बसला आहे. तरी दोन बातम्या त्यानंच आणल्या, हे लिहाले पायजे. एक, बायपासजवळ ऑनलाइन पार्सलवाल्यांचं नवं हब झालं, त्यांले बाई ड्रायव्हर पायजे. दोन, जिनिंगच्या कँटीनले भाजी देणारे नाथूजी, त्यांच्या पिकअपले ड्रायव्हर पायजे. बाई पायजे असं ते नाई म्हणाले. बाई चालन असंही नाई.

समीक्षा पार्सलच्या बातमीनं खुश. "आई, टी-शर्ट देतात ते." पोट्टी बारावीले आहे. तिले टी-शर्ट दिसला.

१६ जाने., शुक्रवार

हबवर गेलती. प्रतीकसर. नागपूरचा, समीक्षेपेक्षा फार मोठा नसन. केस असे उभे की पावसात छत्रीची गरज नाई.

"ताई, इथं बॉस कोणी नाही. आपण फॅमिली आहोत."

आठवड्यात दुसऱ्यांदा. आता कोनी मले घरातलं माणूस म्हटलं की मी पर्स सांभाळाले लागते. त्याचं नावच मी 'फॅमिली' ठेवलं. इथं तेच लिहीन.

लायसन पाह्यलं नाई. घाट चढवता का, पंक्चर काढता का, काई नाई. गाडीजवळ उभं केलं, अंगठा वर कराले लावला, फोटो काढला. मग दुसऱ्या बाजूनं. "ही साइड छान येते ताई." माही बाजू पाहून मले काम देलं. गाडी सरळ चालते का वाकडी, ते त्याले अजून मालूम नाई.

पण कागद देला. पक्का. पीएफ, विमा, रविवारची सुट्टी, सगळं छापील. घरी आणून दोनदा वाचला. तो कसाही असो, कागद खोटा नाई.

१७ जाने., शनिवार

सकाळी नाथूजीच्या वावरात. नदीच्या अंगानं, फुलकोबी, मेथी, सांबार (हेडबाईच्या भाषेत कोथिंबीर). म्हातारा वाकून गड्ड्या बांधून राह्यला होता. माह्याकडे पाह्यलं नाई. दिलीपले विचारलं, "चालवते का हे?"

शिलाई मशीनबद्दल विचारावं तसं. दिलीप नेहमीसारखा गाठ होऊन उभा. मीच म्हटलं, "बोलतेपण."

नाथूजीनं भरलेल्या पिकअपकडे हात केला. "धुऱ्यावरून मांगं घेऊन सडकेले लाव."

बांध अरुंद, एका बाजूले विहीर, दुसऱ्या बाजूले विजेचा खांब, मधे चिखल. समोरून न्याले जागा होती. मुद्दाम मांगं. घेतली. एकदाही पुढं करावी नाई लागली. उतरून पाह्यलं तर म्हातारा गड्ड्या बांधूनच राह्यला होता.

"आरसा पाह्यते वाटते," दिलीपलेच म्हणे. मग मले, पहिल्यांदा, "सोमवारी उजाडता येजो. बाई ठेवली म्हून लोकं हासतीन. हासू दे. माल पोचला पायजे."

कागद? "कायचा कागद?" सुट्टी? "भाजी सुट्टी घेते काय?"

घरी येताना दिलीपले म्हटलं, असला खडूस म्हातारा. तो म्हणे, पण गाडी चालवाले लावून त पाह्यलं त्यानं.

ठरवलं, दोन्ही करून पाहाचे. भाजी उजाडता, हायवेवरच्या जाम गावापर्यंत, दहाच्या आत वापस. मग पार्सल. महिना संपेपर्यंत. फॅमिलीले विचारलं, तो म्हणे, "शुअर ताई, ट्रायलच आहे." नाथूजीले विचारलं नाई. त्यांले मी दहानंतर काय करते याच्याशी मतलब नाई.

१९ जाने., सोमवार

भाजी झाली. पार्सल झालं. माह्या हिश्शाले हबमागच्या दोन गल्ल्या. चालत गेली असती तर लवकर झालं असतं. "तो सेफ झोन आहे ताई." गडी ड्रायव्हरांले मात्र गावंगावं. मी म्हटलं मले लंबा रूट द्या. "आम्हाला तुमची काळजी आहे." काळजी म्हणजे काय, ते आता समजलं. दोन गल्ल्या.

२१ जाने., बुधवार

जामच्या हॉटेलात आज तमाशा. तिथला मॅनेजर फुलकोबी उलथीपालथी करून म्हणे, माल खराब आहे, भाव पाडून लागन. मग माह्या डोक्यावरून पाह्यलं. "तुमच्या माणसाले बोलवा."

"माणूस मीच."

"मंग ड्रायव्हर?"

कॅरेट उचलले, गाडीत वापस ठेवाले लागली. तिसऱ्या कॅरेटले त्यानं थांबवलं. "अहो ताई, ठेवा ना, गंमत केली." पूर्ण भावानं घेतलं. गंमत म्हणे. तोंड असं की दुधावरची साय फाटली.

वापस येऊन नाथूजीले सांगतलं. वाटलं, आता तरी काई बोलतीन. म्हातारा म्हणे, "खराबच होती खालची. काळी पडलती. मीच खाली दाबली."

मी त्यांच्याकडे पाहातच राह्यली. याच्यासाठी मी जगाशी भांडली.

"भरताना तुह्यासमोर भरली," म्हणे. "डोळे कायले देले?"

मी म्हटलं, उद्यापासून मी पाहून भरीन, खालची खराब निंघाली तर इथंच ठेवीन. "ठेवजो," म्हणे. बस. चोराले चोरी पकडली गेली याचं काई नाई, मले दिसली नाई याचंच.

२३ जाने., शुक्रवार

हबवर मिक्सरचं खोकं वाजत होतं. भरतानाच सांगतलं, अंदर फुटलं आहे. फॅमिली म्हणे, "तुम्ही पोचवा, बाकी सिस्टिम बघते." पोचवलं. बंगलेवाल्या बाईनं उघडलं, फुटकं. तक्रार. संध्याकाळी मले केबिनमधे बसवून तिले व्हिडिओ कॉल. "ताई, फक्त सॉरी म्हणा. स्माइल ठेवून."

"मी सांगतलं होतं तुमाले."

"माहीत आहे ताई. तुमची चूक नाहीच. म्हणून तर तुम्ही म्हटलेलं छान वाटेल."

हे वाक्य मी येताना रस्ताभर घोळवत आली. अर्थ नाई निंघाला. सॉरी म्हटलं. स्माइल नाई ठेवली. तेवढंच माहं.

२४ जाने., शनिवार

सकाळी जामहून येताना कॉलेजच्या फाटकासमोरून गाडी काढली. समीक्षा उभी होती, मैत्रिणी होत्या. मी हॉर्न देला, रोज व्हॅनमधून द्यायची तसाच. तिनं पाह्यलं. मग पाठ फिरवून बॅगेत काई शोधाले लागली.

गाडीले चिखल होता. माह्या ओढणीले मेथीचा पाला होता.

घरी मी काई नाई बोलली. तीच बोलली, भाकर मोडता मोडता. "आई, ते पार्सलचं चांगलं आहे. भाजीचं काऊन करतेस?"

"भाजीत काय आहे?"

"काई नाई. लोकं भाजीवाली म्हणतात."

"आणि पार्सलवालीले काय म्हणतात? कलेक्टर?"

दिलीप हासला, मग तिचं तोंड पाहून थांबला. ती ताट घेऊन अंदर गेली. मी बरोबर बोलली. तरी उरलेली भाकर झाकून ठेवली.

२६ जाने., सोमवार

हबवर झेंडा, मग पोस्टर. पोस्टरवर मी. एवढी गोरी की मले मीच ओळखू नाई आली. मांगे जी पांढरीशुभ्र गाडी आहे ती हबजवळ नाईच. खाली, 'आमची ताई, आमची शान'. ही शान दोन गल्ल्या फिरते.

टाळ्या. एक गडी माह्या कानाशी म्हणे, "मंगलाताई, आमचे फोटो कधी लागतीन? आमी त रोज आर्वीपर्यंत जातो." त्याच्या बोलण्यात चिडकेपणा होता, पण चूक नव्हतं.

समीक्षेनं पोस्टरचा फोटो स्टेटसले ठेवला. तिच्या मैत्रिणींनी बदाम पाठवले. बदाम पाहून पोट्टीचं तोंड फुललं, आणि तिचं फुललेलं पाहून माहंही. स्वतःचाच राग आला. मग म्हटलं, आला तर आला.

२८ जाने., बुधवार

फॅमिलीनं बसवून सांगतलं. "फेब्रुवारीपासून फुल टाइम, ताई. आणि ते सकाळचं भाजीबिजीचं बंद. आता तुम्ही ब्रँड आहात. ब्रँडला मेथीचा वास नको."

मी विचारलं, कंडक्टरले डिझेलचा वास चालते काय. त्याले नाई समजलं. मले पण नाई समजलं मी काय बोलली. राग होता.

घरी कागद पुन्हा वाचला. समीक्षेले पुढे शिकाचं आहे. दिलीपची जिनिंग कापूस संपला की बंद. पक्कं ते पक्कं. नाथूजीकडे जाऊन सांगतलं, उद्यापासून नाई येत.

"जाय," म्हणे.

एवढंच. गड्डी बांधत. मी उभी राह्यली, वाटलं अजून काई. नाई. वापस निंघाली तर मांगून आवाज, "चाबी ठेवून जाजो." ठेवली.

मले काई वाटलं नाई. असं लिहून ठेवते.

३० जाने., शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

आर्वीवाला गडी रजेवर होता, जामवाल्याले तिकडे पाठवलं, म्हून जामकडचा रूट मले. ब्रँडले पहिल्यांदा सडक पाहाले भेटली. हायवेच्या आधीच्या वळणावर लोकं जमलेले. पाह्यलं तर नाथूजीची पिकअप कडेच्या नालीत आडवी. माह्या जागी म्हाताऱ्यानं पुतण्याले बसवलं होतं, गोलूले. गोलू बांधावर बसला, खांदा धरून. हाड मोडलं असन. मोबाइल दुसऱ्या हातात तसाच चालू. त्याच्याच नादात नालीत गेला हे सांगाची गरज नव्हती.

सडकेवर फुलकोबी, मेथी, सांबार. लोकं व्हिडिओ काढून राह्यले. दोघं-तिघं त फुलकोबी पिशवीत भरून राह्यले. आणि मधे नाथूजी उकिडवे बसून सांबाराच्या जुड्या एकेक उचलत होते, झटकत होते, ठेवत होते. कोनाकडे न पाहाता. जसे वावरातच आहेत.

मी पार्सलची गाडी लावली. पिशवीवाल्यांच्या हातातून फुलकोबी काढली. एक म्हणे, पडलेली आहे. मी म्हटलं, तू पडलाशीन तर तुलेही घेऊन जाऊ काय. ठेवून गेला. एकजण गोलूले मोटरसायकलवर दवाखान्यात घेऊन गेला, एक तरी माणूस होता. बाकी माल भरला, पार्सलच्या खोक्यांवर, खोक्यांमधे, जिथं मावला तिथं. नाथूजीले समोर बसवलं.

तेवढ्यात फॅमिलीचा फोन. "ताई, गाडी एका जागी का दिसते आहे?"

"अपघात झाला."

"आपली गाडी ठीक आहे ना?"

"आपली ठीक आहे."

"मग निघा ना."

निंघाली. जामले. हॉटेलात भाजी उतरवली, मग पार्सल वाटले, सगळे उशिरा. उतरताना म्हातारा बोलला, "मेथी वर ठेवाले पायजे होती. दबली."

३१ जाने., शनिवार

सकाळी हबवर लेखी ताकीद. गाडीचा गैरवापर, पार्सलले वास, उशीर. सही करा म्हणे. केली. बरोबरच होतं त्यांचं. तेवढं मी मानते.

दुपारी केबिनमधे बोलावलं. फॅमिलीचं तोंड उजळलेलं. सडकेवरच्या कोनाचातरी व्हिडिओ फिरून राह्यला, टी-शर्ट घालून मी सांबार उचलते, म्हातारा बाजूले. वर लिहिलेलं, माणुसकी जिवंत आहे. नागपूरच्या ऑफिसनं पाह्यला. ताकिदीचा कागद माह्यासमोर फाडला.

"ताई, हे सोनं आहे. सोमवारी फोटोग्राफर येतो. तेच आजोबा, तोच स्पॉट, थोडी कोथिंबीर टाकू. रीक्रिएट करू."

"त्यांचा पुतण्या दवाखान्यात आहे."

"तो नको फ्रेममध्ये."

मी उठून आली. दार आपटलं नाई, काचेचं होतं.

१ फेब्रु., रविवार

नाथूजी घरी आले. सकाळी, धुतलेलं धोतर, टोपी. याआधी कधी आले नाई. बाजेवर बसले. गोलूचं विचारलं. "हाडाले सळई टाकली. मोबाइल शाबूत आहे," म्हणे.

मग फुलकोबीचं बोलले. मग थंडीचं. मग पिकअपचं, पत्रा ठोकून आणला, इंजनले काई नाई. समोर दिलीप. दोन गाठी समोरासमोर. मनात म्हटलं, बोला ना, जीभ आहे ना तुमाले.

हबच्या शूटिंगचं सांगतलं त्यांले. सांबार टाकून पुन्हा उचलाचा आहे म्हणतात, तुमाले बोलावलं आहे. नाथूजीनं थोडा वेळ विचार केला, खरंच केला. "टाकलेला सांबार कोन खाईन?" एवढं विचारलं.

समीक्षा चहा घेऊन आली. नाथूजीनं तिले खालून वर पाह्यलं. "तुही माय गाडी चांगली चालवते. तोंड मातर खराब आहे तिचं."

समीक्षा फस्सकन हासली. कितीक दिवसांनी, देवाले मालूम. कप हलला, चहा सांडला. "आबाजी, तुमचंही काई कमी नाई म्हणते आई."

"मंग काय," म्हणे.

बस, एवढ्यावर उठले. येतो म्हटलं नाई, कामाले येजो म्हटलं नाई. गेल्यावर पाह्यलं तर बाजेवर पिकअपची चाबी. समीक्षा धावली, "आबाजी, चाबी राह्यली." फाटकापासून ओरडली, दोनदा. म्हातारा वळला नाई. कान तिखट आहेत त्यांचे, वावरात दुसऱ्या टोकावरचं ऐकू येते. चालत राह्यले.

एवढा माज. तोंडानं दोन शब्द निंघत नाईत, चाबी ठेवून जाते. आणि तो दुसरा, हबवाला, त्याचं तोंड बंद होत नाई, त्याच्या शब्दांत एकही माहा नाई. कोनाचं पाणी भराचं ते ठरवाचं म्हणजे कोनाचा माज सोसाचा ते ठरवाचं.

संध्याकाळी फॅमिलीचा मेसेज. उद्या आठले, टी-शर्ट इस्त्री करून. खाली नव्या कागदाचा फोटो, पगार वाढवलेला. दिलीपनं चष्मा लावून वाचला, चाबीकडे पाह्यलं, कागदाकडे पाह्यलं. म्हणे, "विमा आहे." मग म्हणे, "पण तू त्या गाडीतून उतरतेस तेव्हा भांडत येतेस घरी. पार्सलवरून येतेस तेव्हा बोलतच नाईस."

इतकं मोठं वाक्य. मी त्याच्याकडे पाह्यलं तर तो पुन्हा टीव्हीत गेला होता.

२ फेब्रु., सोमवार

उजाडून राह्यलं. चहा झाला. टी-शर्टले इस्त्री केली, का केली मालूम नाई, हात करत गेला. अंगात नाई घातला अजून. चाबी पर्समधे आहे, वापस द्याची म्हणून ठेवली असं रात्री स्वतःले सांगतलं होतं.

समीक्षा अंदर केस विंचरून राह्यली. तिथूनच विचारलं, "आई, आज मले कॉलेजात सोडून देशीन?"

"कोणत्या गाडीनं?"

मग म्हणे, "तू जिच्यानं जाशीन तिच्यानं. पण फाटकासमोर सोडजो, मांगच्या गल्लीत नको."

तिची वेणी होईपर्यंत मी लिहून राह्यली. चप्पल घालून राह्यली आता ती. टी-शर्ट राहू देते, चाबी काढते.